बिनखात्याचा मंत्री नेमका करतो तरी काय?

पंतप्रधान सोपवतील ते! खातं नसलं तरी कॅबिनेट मंत्री म्हणून तो मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसतो, पगार-बंगलाही इतरांसारखाच. फक्त स्वतःचं मंत्रालय नाही.

नेहरूंनी ही सोय बरीच वापरली. १९४७ मध्ये गोपालस्वामी अय्यंगार बिनखात्याचे होते, पण काश्मीरचं काम त्यांच्याकडे होतं. सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र लालबहादूर शास्त्रींचं. जानेवारी १९६४ मध्ये काँग्रेसच्या भुवनेश्वर अधिवेशनात नेहरू आजारी पडले. कामराज योजनेत (ज्येष्ठ नेत्यांनी पदं सोडून पक्षकार्य करायचं, अशी काँग्रेसची योजना) मंत्रिपद सोडलेल्या शास्त्रींना लगेच परत बोलावलं, तेही बिनखात्याचे म्हणून. नेहरूंच्या कामाचा भार हलका करायचा, एवढंच काम. नेहरूंच्या निधनानंतर जूनमध्ये शास्त्रीच पंतप्रधान झाले!

उलटंही होतं. २००५ मध्ये व्होल्कर अहवालात (इराकच्या 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेतल्या गैरव्यवहाराची संयुक्त राष्ट्रांची चौकशी) नाव आल्यानंतर नटवर सिंहांचं परराष्ट्र खातं काढून घेतलं, मंत्रिपद जेमतेम महिनाभर टिकलं. तमिळनाडूचे सेंथिल बालाजी तर २०२३ मध्ये कोठडीत असतानाही बिनखात्याचे मंत्री होते. हे मला तरी पटत नाही.

बाकी महामंडळाच्या अध्यक्षाला मिळतो तो 'कॅबिनेट दर्जा' म्हणजे मंत्रिपद नव्हे. तो मानाचा आणि सोयीसुविधांचा भाग. मंत्रिमंडळात त्याला जागा नसते.