माळ घातली, पण बढती दुसऱ्याला

माउली, वारकऱ्याची तुळशीची माळ घालून वर्ष झालं नाही तोच खोटी बिलं लावणारा सहकारी पुढे गेला. राग येणारच. तो विठ्ठलालाच सांगा. नामदेवराय देवाशी उघड भांडायचे.

सध्या एवढंच धरा: रोज हरिपाठ, महिन्याच्या एकादश्या आणि हिशेबात खोटं नाही. तिसरं सर्वांत जड. उपवासाचं कौतुक होतं, खऱ्या बिलाचं कोणी करत नाही.

नवे माळकरी हमखास चुकतात ते इथे:

- माळेला नवस समजणं. 'इतक्या एकादश्या केल्या, मग पगार का नाही वाढला?'
- भक्तीच्या नावाखाली हक्क सोडणं. बढती का नाकारली, साहेबांना लेखी विचारा. तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ती स्वतःच्या वाट्याची. भावाची त्याला दिली, असं सांगतात. घरच्यांच्या वाट्याचं परस्पर सोडू नका.
- त्या सहकाऱ्याचा रोज पंचनामा. हरिपाठ त्यातच बुडतो.

असं का झालं म्हणून प्रारब्ध-संचिताचे, म्हणजे पूर्वकर्माच्या फळाचे, ग्रंथ आत्ता नकोत. यंदा आषाढीला पूर्ण वारी जमत नसेल तर पुणे ते सासवड एक दिवस दिंडीत चाला. टप्पा लांबचा आहे, दिवे घाटाची चढणही आहे. नवे बूट घालू नका.