मागच्या डिफरेन्शियलला लॉकर कोणता?

प्रश्न : आमचा फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप रोज घाटातून जातो आणि पावसाळ्यात शेतरस्त्यावर रुततो. लॉकर आपोआप लागणारा घ्यावा की हवेवर चालणारा? – एक वाचक, जुन्नर

उत्तर : साध्या डिफरेन्शियलमध्ये (दोन चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणारा आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच) एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की दुसऱ्यालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो, लॉकर दोन्ही चाके एकाच गतीने फिरवतो. मात्र घाटातल्या ओल्या वळणावर आपोआप लागणाऱ्या-सुटणाऱ्या लॉकरने गाडीची मागची बाजू घसरू शकते; म्हणून कॉम्प्रेसरचा खर्च वाढला, तरी बटण दाबल्यावरच लागणारा हवेचा लॉकर मी सुचवीन. त्याची नळी सायलेन्सरपासून लांबूनच न्यायला सांगा. घाईत बसवणारे नेमके हेच विसरतात. मागवण्यापूर्वी ॲक्सल-शाफ्टवरील (चाक फिरवणाऱ्या दांड्यावरील) खाचांची संख्या आणि क्राउन-पिनियनचे (डिफरेन्शियल फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीचे) गुणोत्तर जुळते का, हे तपासा. लॉकर चिखलात शिरण्यापूर्वीच लावावा. चाक गरगरत असताना मुळीच नाही.