साडी ग्राहकाला पोचली, तरी पेमेंट गेटवेकडून (दुकानासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणारी कंपनी) चार्जबॅकचा मेल आलाय. आता काय करू?

चार्जबॅक म्हणजे ग्राहकाने बँकेकडे तक्रार करून कार्डाने दिलेले पैसे परत मागणं. आधी मेलमधलं कारण आणि उत्तराची शेवटची तारीख बघा. तारीख चुकली की तुमची बाजू कितीही खरी असो, पैसे गेलेच. आणि घाबरून ग्राहकाला वेगळा रिफंड पाठवू नका. बँकेनेही रक्कम काढून घेतली तर दोनदा फटका बसतो.

कारण 'माल मिळाला नाही' असेल तर बिल, कुरिअरची पावती, पोच झाल्याची तारीख आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं एकाच पीडीएफमध्ये जोडा. वर चार ओळींत घटनाक्रम लिहा. 'व्यवहार मी केलाच नाही' अशी तक्रार असेल आणि पेमेंट ओटीपीने झालं असेल, तर जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. गेटवेकडून तसा पुरावा मागून घ्या. परदेशी कार्डांना पुष्कळदा ओटीपी लागत नाही, तिथे जास्त जपा.

माझ्याकडून एका ताईंनी पैठणी घेतली, नेसून फोटोही पाठवला, आणि महिन्याभराने तक्रार! स्टेटमेंटवर दुकानाऐवजी माझ्या फर्मचं नाव होतं, त्यांना ते ओळखूच आलं नाही. मी फोन केला, त्यांनी बँकेला लेखी कळवून तक्रार मागे घेतली. त्याच दिवशी गेटवेला सांगून मी नाव बदलून घेतलं. तुमचंही तपासा, खरंच.

महागड्या साडीचं पॅकिंग करताना व्हिडिओ काढा, काठ-पदर आणि पार्सलवरचा पत्ता नीट दिसू दे. व्हिसा कार्डांवर बऱ्याच तक्रारींना १२० दिवसांची मुदत असते, तोवर तरी काही डिलीट करू नका.