आजी रडत होती आणि गातही होती

प्रिय चिऊ,

आजोबा गेले त्या रात्री घरी जमलेली मंडळी पेटी-तबल्यावर भजनं म्हणत होती, ते तू फोनवर पाहिलंस. दुसऱ्या दिवशी मला लिहिलंस, "आई, देवावर विश्वास आहे तर आजी एवढी रडत का होती? आणि एवढं रडू येत होतं तर गात का होती? मराठी लोक असंच करतात का?"

सगळेच करतात असं नाही, पण आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत असंच चालतं. कुणी प्रभूघरी गेलं की लोक जमतात, शास्त्रपाठ होतो, प्रार्थना होते आणि मग भजनं सुरू होतात. फोनवर आवाज मागेपुढे येत होता, म्हणून एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. आजीच्या मांडीवर गीतांचं पुस्तक होतं, पण मिटलेलं. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज फुटला आणि ती गप्प झाली. शेजारी बसलेल्या बाईंनी ती ओळ उचलली, मागच्यांनी पुढची धरली, आणि धृपद आलं तेव्हा आजी परत गाऊ लागली. ज्याच्यावर दुःख कोसळलंय त्यानं एकट्यानं विश्वास धरून ठेवावा, अशी कुणाची अपेक्षाच नसते.

यातलं बरंचसं आपल्या मातीतलंच आहे. मराठी भक्तीत देवाशी भांडायची सोय पहिल्यापासून आहे. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. ते विठ्ठलाला वाट्टेल ते बोलले, पण त्याच्याशी बोलणं काही त्यांनी टाकलं नाही. हिंदू घरातून ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक (1861–1919) म्हणत, की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. अभंगाची चाल त्यांनी येताना बरोबरच आणली.

आता आजीच्या रडण्याचं. योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय काढ. लाजर मेलेला आहे. मार्था येशूला म्हणते, "आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." थोड्या वेळाने मरीया येते आणि तीही नेमकं हेच म्हणते. दोघी बहिणी चार दिवस घरात हेच बोलत बसल्या असणार, असं मला नेहमी वाटतं. येशू त्यांना रागावत नाही. थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही तो रडतो. पुढे चांगलं होणार हे माहीत असलेलाही रडला, मग आजीनं का रडू नये? स्तोत्रसंहितेत तर 88वं स्तोत्र अंधारातच संपतं. शेवटी आभार नाहीत, दिलासा नाही. तेही शास्त्रातच आहे. कुणी काढून टाकलं नाही.

भेटायला आलेले काही जण "प्रभूची इच्छा" म्हणाले, त्याचा तुला राग आला. मलाही ते आवडत नाही. "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" हे बायबलमधला ईयोब, मुलंबाळं आणि धनदौलत सगळं गमावलेला, स्वतः, स्वतःच्या दुःखाबद्दल म्हणाला. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ नुसते बसून राहिले, तोवर ठीक होतं. मग त्यांनी कारणं सांगायला तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर, देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव (1858–1922) तुझ्या कानावर आहे. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये नवरा पटकीनं गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि पदरात तान्ही मुलगी होती. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणून काही मुकाट झाल्या नाहीत. ज्यांच्याकडे राहत होत्या त्यांच्याशीच धर्ममतांवरून पत्रांतून वाद घालत राहिल्या. 1921 मध्ये ती एकुलती एक मुलगी, मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा केडगावात बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते त्यांनी थांबवलं नाही. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. रमाबाईंनी निराधार बायका-मुलांसाठी उभारलेलं केडगावचं मुक्ती मिशन उभं राहावं म्हणून देवानं त्यांचं कुटुंब उपाशी मारलं, असं कुणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही. देवानं त्यांना सोडलं नाही आणि त्यांनीही देवाला सोडलं नाही, एवढं मी म्हणेन. का झालं याचा हिशेब माझ्याकडे नाही, आणि विश्वास ठेवायला तो हवाच असतो असंही मला वाटत नाही.

आजीला अजून बरंच सोसायचंय. घर बंद करून ती या महिन्यात मामाकडे राहायला जातेय. इतक्या वर्षांचा संसार दोन खोक्यांत भरताना माणूस पुन्हा एकदा रडतो. चर्च बदलणार, ओळ उचलणाऱ्या त्या बाई तिथे नसणार. तिथल्या मंडळीत रुळायला तिला वेळ लागेल. मधल्या काळात तिची प्रार्थना तिच्याच्यानं झाली नाही तर आपण करायची, इथून, फोनवर, तुझ्या त्या अर्ध्या मराठीत चालेल.

तुला स्वतःला राग आला असेल तर तोही देवाला सांग. मला आधी सांगितलास तरी हरकत नाही.

शनिवारी तिला फोन कर. "रडू नकोस" म्हणू नकोस. मामाकडे कुठली खोली मिळाली, खिडकी कुठल्या बाजूला आहे, आजोबांचं बायबल कुणाकडे राहिलं, ते विचार. आणि आजोबांचा विषय तिनं काढला तर घाईनं बदलू नकोस, तिला बोलू दे.

तुझी,
आई