सोळाचं अठरा करण्याआधी

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी गाडी छोटी स्पोर्टी कूपे आहे. कंपनीतून २०५/५५ आर १६ टायर आले. गाडीचं नाक, दिवे, मागचा स्पॉयलर सगळं मनासारखं आहे, पण बाजूने पाहिलं की चाकं बारकी वाटतात आणि टायर व मडगार्डच्या मध्ये चार बोटं जागा मोकळी दिसते. टायरवाल्याने १८ इंची अलॉय आणि त्यावर २२५/४५ टायर सुचवलेत. मित्राने तशाच गाडीला हेच बसवलं. दिसते देखणी, पण तो म्हणतो, गाडी आता उठताना जड वाटते. चाकाने पिकअप खरंच जातो, की हे मनाचे खेळ?

उत्तर: मनाचे खेळ नाहीत. तुमच्या मित्राचा पिकअप गेलाय, आणि कुठे गेला ते टायरच्या अंगावर छापलेलं आहे.

२०५/५५ आर १६ म्हणजे टायर २०५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंचांची. एक इंच २५.४ मिलिमीटर धरून गणित करा: रिम ४०६, वरची नि खालची भिंत मिळून २२५ च्या आसपास. जमिनीपासून माथ्यापर्यंत तुमचं चाक साधारण ६३२ मिलिमीटर भरतं. आता सुचवलेलं २२५/४५ आर १८ मोजा. रिम ४५७, दोन भिंती मिळून २०२. बेरीज ६६० ला टेकते. म्हणजे आख्खं चाकच २८ मिलिमीटरने, चार टक्क्यांहून थोडं जास्तच, उंच झालं.

इंजिन चाकाला पिळतं आणि तो पीळ जमिनीवर ढकलण्याच्या रूपात उतरतो. चाकाची त्रिज्या जितकी वाढेल तितका तो धक्का कमी. चाक चार टक्के उंच झालं की प्रत्येक गिअरमध्ये जमिनीवर पडणारा जोर चार टक्क्यांच्या आसपास घटतो. तेराशे किलोच्या गाडीत हे कसं लागतं सांगू? मागच्या सीटवर पंचावन्न-साठ किलोचा एक माणूस कायमचा बसवल्यासारखं. तुमच्या मित्राला जो जडपणा जाणवतो तो हाच, आणि त्याचा रिमच्या १८ इंचांशी थेट संबंध नाही. त्याचा स्पीडोमीटरही आता आधीच्या मानाने कमी दाखवतोय. आधी ज्या वेगाला काटा १०० वर असायचा, त्या वेगाला तो आता ९६ च्या आसपास असेल. हे मला पिकअपपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. मित्राला एवढं जरूर कळवा.

म्हणून पहिली गोष्ट: रिम वाढवायची तर टायरची भिंत तेवढी उतरवायची आणि चाकाची एकूण उंची होती तिथेच ठेवायची. १७ च्या रिमवर २२५/४५ घ्या, उंची ६३४ येते. १८ च्या रिमवर २२५/४० घ्या, ६३७ येते. दोन्ही मूळ मापाच्या एका टक्क्याच्या आत. मी पंचवीस वर्षं चाकं बसवली, उतरवली, बॅलन्स केली. या एका हिशेबाशिवाय कुणाला टायर निवडू दिला नाही. आकड्यांवर विश्वास नसेल तर टायरवर आणि फरशीवर खडूने खूण करा, गाडी सरळ ढकला, चाकावरची खूण पुन्हा खाली आली की फरशीवर दुसरी खूण करा आणि टेपने मोजा. तुमच्या टायरचं गणिती परिघाचं माप १९८ सेंटीमीटर आहे. प्रत्यक्षात गाडीच्या वजनाने टायर खालून दबतो, म्हणून १९० ते १९५ च्या मध्ये काहीतरी येईल. नव्या चाकानेही तेवढंच अंतर कापलं, तर गिअर आणि स्पीडोमीटर दोघांनाही बदल कळणार नाही.

आता वजन. यावर लोक फार टोकाचं बोलतात. चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो, असं मी शेकडो वेळा ऐकलंय. ते खरं नाही. चाकाला पुढेही जायचं असतं आणि गोलही फिरायचं असतं, म्हणून त्यावरचं वजन दुप्पटीच्या जवळ जातं, त्याच्या वर नाही. टायरच्या नक्षीवर वाढलेला एक किलो गाडीला जवळपास दोन किलोंसारखा लागतो. रिमच्या कडेला वाढलेला दीड किलोसारखा. हबजवळ, म्हणजे चाक गाडीला जिथे जोडलं जातं त्या मधल्या भागाजवळ, वाढलेला एकाहून थोडाच जास्त. माझ्याकडे दोन्ही जोड्या होत्या तेव्हा मी घरच्या वजनकाट्यावर तोलून पाहिल्या, चाक छातीशी धरून आणि मग माझं वजन वजा करून. टायरसकट १६ चं चाक १८ किलो भरलं, १८ चं २२. चार चाकांचे मिळून १६ किलो जास्त, म्हणजे पळताना गाडीला सुमारे २५ किलोंचा भार. शून्य ते शंभरला आठ सेकंद घेणाऱ्या गाडीचा यात सेकंदाचा एक ते दीड दशांश जातो. घड्याळाला कळेल. चालवणाऱ्याच्या पाठीला क्वचितच.

अमेरिकेतल्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने २०१० मध्ये एकाच फोक्सवॅगन गोल्फवर १५ पासून १९ इंचांपर्यंतची चाकं आळीपाळीने चढवून मोजमाप केलं होतं. १५ वरून १९ वर जाताना ताशी ६० मैलांपर्यंतचा पिकअप सुमारे चार टक्क्यांनी मंदावला आणि मायलेज दहा टक्क्यांच्या आसपास पडलं. चार पायऱ्या चढून चार टक्के. मित्राच्या गाडीने जवळपास तेवढाच जोर नुसत्या चुकीच्या टायरमापापायी घालवला.

वजनाचा खरा त्रास वेगळ्याच जागी होतो. चाक, टायर, डिस्क यांचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते जितकं जड, तितकं खड्ड्यानंतर टायरला जमिनीवर परत आणणं शॉकॲब्सॉर्बरला कठीण. खडबडीत वळणावर गाडी बाहेर उड्या मारत सरकते ती यामुळे. शिवाय भिंत बुटकी झाल्यावर धक्का पचवायला रबरच उरत नाही. माझी स्वतःची १८ ची जोडी अशीच गेली. संध्याकाळची वेळ, रस्त्यावर धारदार कडेचा खड्डा, वेग पन्नाससुद्धा नव्हता. ‘ठण्ण’ असा आवाज आला. टायरचा मऊ ‘धप्प’ नव्हता तो, धातूचा होता. चाक काढून पाहिलं तर रिमची आतली कड अंगठ्याएवढी आत वळलेली आणि टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. मी जोडी काढली आणि १७ वर आले. तिथेच राहिले.

दिसण्याकडे मुद्दाम शेवटी आले, कारण तुमची तक्रार तिथून सुरू झाली आणि ती मला अगदी रास्त वाटते. गाडी रोज डोळ्यांपुढे असते. ती सुंदर दिसावी असं वाटणं हा शौक म्हणून उडवून लावण्याचा विषय नाही. पण डोळ्यांना नेमकं काय खुपतंय ते आधी ओळखा. टायरच्या वरची चार बोटं जागा रिम मोठी करून भरत नाही. एकूण उंची तीच ठेवली तर ती फट तसूभरही बदलणार नाही. ती फट सस्पेन्शनची उंची आहे. त्यासाठी वीस-पंचवीस मिलिमीटर खाली बसणाऱ्या, तुमच्याच गाडीसाठी बनलेल्या स्प्रिंगा लागतात. मित्राची फट भरली ती चाक उंच झाल्यामुळे, पण त्याबरोबर त्याची गाडी जमिनीपासून १४ मिलिमीटर वरही उचलली गेली. स्पोर्टी गाडीला जे नको तेच झालं.

रिम वाढवून बदलतं ते धातू आणि रबराचं प्रमाण. रिमचा छापील आकडा टायर जिथे बसतो तिथला असतो. बाहेरची ओठासारखी कड धरून दिसणारी चकती त्याहून साडेतीन सेंटीमीटर मोठी असते. १६ ची चकती ४४ सेंटीमीटर दिसते, १७ ची पावणेसत्तेचाळीस, १८ ची ४९. चकतीभोवती दिसणारा काळा पट्टा १६ ला साडेनऊ सेंटीमीटर, १७ ला सव्वाआठ-साडेआठ, १८ ला सव्वासात. खर्च करण्याआधी एक करा. जाड पुठ्ठ्यातून ४७ आणि ४९ सेंटीमीटरच्या चकत्या कापा, त्यांना राखाडी रंग द्या, दुहेरी टेपने एक पुढच्या चाकावर आणि एक मागच्या चाकावर चिकटवा आणि दहा पावलं मागे जाऊन बसून पाहा. उभं राहून नाही, कारण उभ्याने सगळीच चाकं बुटकी दिसतात. मी हे ज्यांना करायला लावलं त्यांच्यातल्या बहुतेकांनी ४७ च्या चकतीकडे बोट दाखवलं. छोट्या गाडीत ४९ च्या मागे ब्रेकची डिस्क फार लहान पडते. आरेदार रिममधून ती मोठ्या ताटातल्या छोट्या वाटीसारखी दिसते, आणि एकदा दिसली की नजर तिथेच अडकते.

वेगवान गाडीला मोठीच रिम हवी, हा समज तर मनातून काढूनच टाका. १९९८ साली मॅक्लारेन एफ१ ने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला तो १७ इंची चाकांवर. फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची रिम आणि गुबगुबीत टायर लावून धावत होत्या. १८ इंच आले ते २०२२ पासून, नियम बदलल्यावर. रिम मोठी लागते ती आत मोठा ब्रेक मावावा म्हणून. तुमचा ब्रेक १६ मध्ये मावतोय.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: १७ इंच, २२५/४५, आणि रिम शक्य तितकी हलकी. फोर्ज्ड, म्हणजे धातू दाबून घडवलेली, परवडली तर उत्तम. नाहीतर ओतीव रिममध्येही फरक असतो, म्हणून दुकानात वजनकाटा मागा. टायरवरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नको. तुमच्या मापात तो बहुधा ९१ असतो, म्हणजे एका टायरला ६१५ किलो.

प्रश्न: ताई, चाक मोठं करून पिकअप जातो, तर मूळ मापापेक्षा लहान टायर लावून तो वाढवता येईल का? माझ्याही गाडीला २०५/५५ आर १६ आहेत.

उत्तर: येईल, थोडासा. २०५/५० आर १६ लावलात तर चाक तीन टक्क्यांनी उतरेल आणि प्रत्येक गिअरमध्ये तेवढाच जोर वाढेल. पण प्रत्येक गिअर तितक्याच लवकर संपेलही. दुसरा गिअर शंभरच्या जेमतेम पुढे जाणारा असेल, तर तो आता शंभरच्या आत संपेल आणि एक गिअर जास्त टाकावा लागेल. त्यात अर्धा सेकंद गेला की कमावलेलं सगळं परत. आधी पुस्तिकेत किंवा रिकाम्या, सुरक्षित ट्रॅकवर दुसऱ्या गिअरची हद्द बघा, मग ठरवा. गाडी एक सेंटीमीटर खाली येईल आणि महामार्गावर इंजिन जास्त गरगरेल, हेही लक्षात घ्या. मी स्वतः त्याच मापाचा, पण हलका आणि जास्त चिकट रबराचा टायर घेईन. सुटताना चाकं जागच्या जागी फिरणं थांबलं की जे मिळतं, ते या तीन टक्क्यांहून जास्त असतं.

प्रश्न: चाकं मडगार्डच्या रेषेत यावीत म्हणून ऑफसेट ४५ वरून २५ केला. दिसायला झकास, पण स्टिअरिंग आता खड्ड्यात हातातून ओढलं जातं आणि ताशी नव्वदच्या पुढे थरथरतं. बॅलन्सिंग दोनदा झालं.

उत्तर: या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ओढतंय ते ऑफसेटमुळे. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते; तो घटला की चाक तेवढं बाहेर येतं. प्रत्येक चाक २० मिलिमीटर बाहेर आलं, त्यामुळे रस्त्याच्या धक्क्याला स्टिअरिंग फिरवायला लांब दांडा मिळाला. बेअरिंगवरचा ताणही वाढला. ३८-४० च्या आसपास परत या, दिसण्यात फारसं गमावणार नाही.

थरथर बहुधा रिमच्या मधल्या भोकाची. बाजारातल्या रिमचं भोक बरेचदा गाडीच्या हबपेक्षा मोठं असतं आणि मग चाक मध्यावर न बसता फक्त नटांच्या भरवशावर बसतं. बॅलन्सिंगच्या मशीनवर ते ठीक दिसतं, गाडीवर नाही. हबचा आणि भोकाचा व्यास कॅलिपरने मोजून घ्या आणि मधली फट भरणारी रिंग बसवा. बसवताना गाडी जॅकवर असू द्या, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, शेवटचा पीळ टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याएवढाच द्या आणि शंभर किलोमीटरच्या आत एकदा पुन्हा तपासा.