खाडीतल्या 14 फुटी होडीला नवीन 15 एचपीचं मशीन (मागे लटकवायचं आउटबोर्ड इंजिन) घ्यावं की जुनं 25? आणि मशीन रोज गोड्या पाण्याने धुवायलाच हवं का?

रेवदंड्याच्या खाडीत जिताड्यासाठी फायबरची होडी घेतलीत, चांगलं केलंत. 25 एचपीचं जुनं टू-स्ट्रोक 'नुकतंच रंगवलेलं, एकदम नव्यासारखं' म्हणून तुमच्या मनात भरलंय, आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की गोड्या पाण्याने धुणं ही शहरातल्या हौशी लोकांची थेरं आहेत. हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. आमच्या घरात याच वाक्यापासून सुरू होऊन शेवटी दोन भावांचं बोलणं तुटलं होतं.

एचपीचं आधी उरकतो. दोघं-तिघं जाणार असाल तर 15 भरपूर झालं. 25 चं वजन 50 किलोच्या घरात जातं. ते मागे लटकलं, पेट्रोलची टाकी मागे, चालवणारा मागे, की नाळ आभाळाकडे आणि पिछाडी पाण्यात. पैसे देण्याआधी होडीच्या मागच्या फळीची उंची मोजा. 15 इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, 20 असेल तर लाँग. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर लाटेत पंखा हवा खातो आणि मशीन नुसतं ओरडतं.

आता धुण्याचं. बाबांनी आणि मधल्या काकांनी 8 एचपीची दोन टू-स्ट्रोक मशीनं एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतली. खाडी एक, पेट्रोल एक, तेलाचं प्रमाणही तेच, 50 ला 1. फरक एवढाच की आमच्या अंगणात अर्धा कापलेला निळा ड्रम होता. होडी लागली की आई विहिरीचं पाणी ओढून तो भरायची, बाबा मशीन उचलून आणून त्यात उभं करायचे आणि न्यूट्रलला दहा मिनिटं चालू ठेवायचे. काका ओट्यावर बसून म्हणायचे, "मशीन समुद्रासाठीच बनवलंय, ते मिठाने कसं बिघडेल? आणि तुझ्या विहिरीचं पाणी तरी कुठे गोडं आहे, मचूळच ना?"

एका संध्याकाळी कोर्लईच्या खाली ओहोटी लागलेली असताना काकांचं मशीन बंद पडलं. उधाणाचे दिवस, पाणी जोरात बाहेर ओढत होतं. मशीन थंड ठेवून मागून पडणारी पाण्याची धार आधीच बारीक झाली होती, पण तिच्याकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. आम्ही दोर टाकून त्यांची होडी ओढत आणली. आमचं मशीनही 8 चंच, पण दोन होड्या घेऊन ओहोटीच्या विरुद्ध आलं. मोठ्या एचपीशिवाय खाडीत जीव धोक्यात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. मशीन चालू असणं महत्त्वाचं, आकडा नंतर.

तालुक्याच्या मेकॅनिकने झाकणसुद्धा न काढता पॉवरहेड, म्हणजे वरचं अख्खं इंजिनच, बदलायला सांगितलं. बाबांनी घरीच उघडलं. हेडमधल्या पाण्याच्या वाटा मिठाने बुजलेल्या, स्क्रू ड्रायव्हर ठोकून पापुद्रे काढावे लागले. पाण्याच्या पंपातल्या रबरी इंपेलरची दोन पाती तुटून गायब. खालचा गिअर ऑइलचा स्क्रू सैल केला तर दुधाच्या चहासारखं तेल बाहेर आलं, म्हणजे आत पाणी. मग पंखा काढला. वॉशरच्या मागे तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळून, घासून, त्याचं कडंच झालं होतं आणि त्याने सील कापलं होतं. काकांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाले, पेट्रोलात भेसळ होती. चुलतभाऊ आजही तेच सांगतो.

मशीन चालू असतं तोवर खारं पाणी आतून वाहतं. बंद केलं की गरम धातूवर उरलेलं पाणी सुकतं आणि मीठ तिथेच राहतं, रोज थोडं थोडं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, मचूळ विहिरीच्या पाण्यात त्याच्या कितीतरी पट कमी. म्हणून विहिरीचं मचूळ पाणीही चालतं. पण मशीन कोरडं कधीच चालवू नका. इंपेलर काही सेकंदांत खराब होतो. आणि ड्रममध्ये असताना गिअर टाकू नका, पंख्याजवळ हात तर नाहीच. तंगूस वापरणाऱ्याने पंखा अधूनमधून काढून मागे बघितलंच पाहिजे, आणि तुमची ब्रेडची, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली, दोरी तर तंगुसापेक्षाही वाईट कापते.

दुसरा घात पावसाळ्यात होतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, मशीन कोपऱ्यात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल तसंच. आताच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. शेवटच्या दिवशी ड्रममध्येच पेट्रोलची नळी काढा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. प्लग काढून आत थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल सोडा, दोरी हळू ओढा, प्लग लावा. गिअर ऑइल तेव्हाच बदला, पावसाळ्यानंतर नाही, कारण पाणी शिरलं असेल तर ते दोन महिने आत गंज धरत बसेल. मशीन उभंच ठेवा.

रॉड-रीलचं विचारलंत. 20-30 पौंडांची ब्रेड पुरे, पण पुढे गळाजवळ 40-50 पौंडांचा लीडर (जाड दोरीचा तुकडा) हवाच, जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची धार पात्यासारखी असते. घरी आल्यावर रीलवर पाइपचा जोरदार फवारा मारू नका, मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग (दोरी सुटण्याचा ब्रेक) घट्ट करून हलकं पाणी ओता, पुसा, मग ड्रॅग सैल करून ठेवा.

फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी खातं, आवाजही कमी, पण 15 चं वजन 50 किलोच्या आसपास. एकट्याने रोज उतरवायचं असेल तर टू-स्ट्रोकच बरं. होडी कायम पाण्यात राहणार असेल तर मात्र माझं मत बदलेल. लाइफ जॅकेट अंगावर घाला, फळीखाली नको.

आणि ते रंगवलेलं 25. काकांनी त्यांचं मशीन असंच रंग मारून विकलं आणि बाबांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं ते त्या दिवसापासून. तुम्ही बघायला जाल तेव्हा पंख्याजवळचा जस्ताचा तुकडा बघा. त्याच्यावरही रंग असेल तर तो गंज स्वतःवर घेण्याचं काम करतच नाही, आणि विकणाऱ्याला मशीनमधलं काही कळत नाही हेही दिसतं. मशीन थंड असतानाच तुमच्यासमोर चालू करायला सांगा, धार नीट पडते का बघा, आणि खालचा गिअर ऑइलचा स्क्रू सैल करायला सांगा. नाही म्हणाला तर तिथून निघा.