मॉडर्न पेंटिंग बघून काहीच कळत नाही, मग लोकांना त्यात स्वतःचा अर्थ कसा सापडतो?

माझं सांगतो. मला तो वासुदेव गायतोंडेंच्या एका चित्रापुढे सापडला, मुंबईतल्या एका प्रदर्शनात. पिवळट राखाडी उंच कॅनव्हास, मधेच कुठे गडद डाग, बाकी ना माणूस ना झाड, चित्राला नावसुद्धा नाही. पहिली पाच मिनिटं मीही तुमच्यासारखाच उभा होतो, यात बघायचं काय म्हणून. मग जरा जवळ गेलो तर खालचा रंग वरच्या रंगातून डोकावत होता आणि एकदम आमचे बाबा आठवले, ते घरं रंगवायची कामं करायचे, सुट्टीत मी सोबत जायचो, जुनी भिंत पत्र्याने खरवडली की पिस्त्याखाली निळा, निळ्याखाली चुना असं एकेक निघायचं, आणि एक हात मारून झाला की बाबा खाली बसून तो वाळेपर्यंत भिंतीकडे नुसते बघत राहायचे, एक शब्द नाही. मला वाटायचं उगाच वेळ घालवतात.

नंतर वाचलं की गायतोंडेसुद्धा रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग लावायची-खरवडायची बोथट सुरी, वापरायचे, रंग चढवायचे, काढायचे, आणि वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. चित्रांना अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हटलेलंही त्यांना पटायचं नाही, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे कुठल्याच वस्तूचं नसलेलं चित्र.

साहित्याचंही तसंच होतं. ज्ञानेश्वरी मी अजून सलग वाचलेली नाही, पण आई पारायणाला बसायची तेव्हा पहिल्या अध्यायातली 'हें शब्देंवीण संवादिजे', म्हणजे शब्दांवाचून बोलावं, ही ओवी कानात बसली ती बसलीच. माउली तिथे कथा कशी अनुभवायची ते सांगतायत, मला त्या चित्रापुढे त्या ओवीत भिंतीसमोर बसलेले बाबा दिसले. हा अर्थ चुकीचा आहे असं मला नाही वाटत, कारण ते गप्प थांबणं ओवीतही आहे आणि कॅनव्हासवरही आहे. आपल्या मनचं काहीतरी चिकटवलेलं असलं ना, तर परत चित्र बघितलं की ते गळून पडतं, हे नाही पडलं.

तुम्ही एवढंच करा, शेजारची पाटी नंतर वाचा आणि एकाच चित्रापुढे पंधरा मिनिटं काढा.

पुढच्या रविवारी बाबांना घेऊन गेलो. ते समोर उभेच राहिले नाहीत, भिंत तपासतात तसं बाजूला जाऊन डोळा तिरका करून कडेने बघत राहिले, बराच वेळ, मग म्हणाले, "पहिला हात नीट वाळू दिलाय याने."